राजोडीच्या पडवीतलं भुयार

फर्डिनंड तुस्कानोंना माती दिली त्या दिवशी चर्चच्या आवारात एका बाईंनी प्रल्हाद कारखानीसांना विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" अडीच वर्षं दर रविवारी दुपारी प्रल्हादराव या माणसाच्या पडवीत बसले होते. पण त्यांना फर्डिनंडचं नेमकं वय ठाऊक नव्हतं. लग्न का केलं नाही, ते ठाऊक नव्हतं. हृदयाचं दुखणं जुनं होतं, हेसुद्धा शवपेटीपाशी उभं राहिल्यावर कानावर पडलं. "आम्ही खेळायचो," ते कसंबसं म्हणाले. बाईंना वाटलं, पत्ते.

जे ठाऊक होतं ते एवढंच. फर्डिनंडचा एक मामा बोटीवर खलाशी होता. एकदा सुट्टीवर येताना तो भाच्यासाठी कुठल्याशा बंदरातून एक खोका घेऊन आला. आत दोन पातळ पुस्तकं, विचित्र आकाराचे सहा फासे आणि एक मेणाचा खडू. फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले होते. त्यांच्यात खडू घासून ते आपणच उठवायचे. फर्डिनंड तेव्हा शाळेत होता. त्याने डिक्शनरी घेऊन ती दोन्ही पुस्तकं दोनशेपानी वह्यांमध्ये मराठीत उतरवली. पुढे आयटीआय केलं, गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात प्लॅस्टिकचे साचे बनवण्यात तीस-बत्तीस वर्षं काढली, आईवडील गेले, वाडीतली केळी राहिली, घरात तो आणि धाकटी बहीण एवढेच उरले. पण रविवारचा खेळ चुकला नाही. माणसं बदलत गेली. कोणी कॅनडाला गेलं, कोणाचं लग्न झालं. नवी माणसं येत राहिली.

खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाच्या एका टोकाला फर्डिनंड. त्याला सगळे मास्टर म्हणत. त्याच्या वहीत एक आख्खं भुयार काढलेलं असायचं, ते दुसऱ्या कोणी पाहायचं नाही. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घ्यायचं आणि त्या भुयारात उतरायचं. मास्टर फक्त डोळ्यांना दिसतं तेवढं सांगणार. "साठ फूट सरळ बोळ. उजव्या हाताला दार. दाराखालून ओल येतेय." पुढे काय करायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं आणि जगायचं की मरायचं ते फाशाने. आताशा कम्प्युटरवर असले खेळ निघालेत म्हणतात. त्यात मेलेला माणूस बटण दाबलं की उठतो. फर्डिनंडच्या पडवीत तसं नव्हतं. मेलेल्या पात्राचा कागद बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायचा आणि तिथेच राहायचा. फासा उघड्यावर, सगळ्यांसमोर टाकायचा. पडेल तो आकडा मास्टरलाही बदलता येत नसे. फासा टेबलावरून खाली पडला तरी तो मोजायचा आणि ज्याच्या पायाशी पडला त्याने आकडा वाचायचा. हा नियम चाळीस वर्षांचा होता.

प्रल्हादराव तिथे पोचले ते विनयामुळे. बोळिंजला त्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी ही मुलगी बँकेत कामाला. एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, तुम्ही ड्राफ्ट्समन होतात ना? आम्हाला नकाशा काढणारा माणूस पाहिजे." भुयारात हरवायचं नसेल तर मास्टर सांगेल तसा नकाशा कोणीतरी काढत जावा लागतो. प्रल्हादरावांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मोजमापांवरून नकाशे काढले होते. वयाच्या सत्तरीला कोणीतरी आपल्याला त्यासाठी बोलावतंय, याचंच त्यांना इतकं अप्रूप वाटलं की नाही म्हणायचं राहून गेलं. तरी पहिले सहा महिने ते घशातल्या घशात बोलत. जॉयल म्हणायचा, "काका, भुयारात आहोत, देवळात नाही. मोठ्याने बोला." जॉयलची निर्मळला फुलशेती होती आणि जिभेला लगाम नव्हता.

प्रल्हादरावांचं पात्र एक किडकिडीत वैदू, जॉयलचं एक शिपाई, आणि विनयाच्या पात्राचं नाव कस्तुरी. चपळ, कुलपं उघडणारी, सहा वर्षं जिवंत राहिलेली. त्या टेबलावर एवढं कोणी जगलं नव्हतं. विनयाने तिच्यासाठी वेगळी वही केली होती. नोकरी लागली त्या वर्षी कस्तुरी होती, वडील गेले त्या वर्षीही होती.

त्या शेवटच्या रविवारी पडवीत शिरताना प्रल्हादरावांच्या काखेत गुंडाळी होती. आदल्या रविवारी फर्डिनंडला दम लागला म्हणून खेळ मध्येच थांबवावा लागला होता. तिघांची पात्रं पाण्याच्या टाक्यांच्या मजल्यावर, भुयाराच्या पार तळाशी अडकली होती. प्रल्हादरावांकडे घाईत काढलेले पाच चिटोरे जमले होते. ते त्यांनी आठवडाभर बसून, ऑफिसातल्यासारखे ट्रेसिंग पेपरवर जोडून एका मोठ्या आलेखाच्या कागदावर फेअर केले, शाईने. अक्षरं सगळ्यात शेवटी लिहिली, तीही ऑफिसातलीच सवय. मग चिटोरे फाडून टाकले.

"अरे वा, काका!" विनया म्हणाली. "फ्रेम करायच्या लायकीचा झालाय."

फर्डिनंडने नकाशावर नजर टाकली. जरा जास्त वेळ. मग आपली वही उघडली. त्याच्या पायांवर सूज दिसत होती, स्लिपरचे पट्टे रुतले होते. आतल्या बाजूला वळून तो बहिणीला म्हणाला, "पानी दे गं जरा." मग सगळ्यांकडे पाहून, "मशाल एकच उरलीय. चार फेऱ्या पुरेल. मागच्या टाकीत पाणी हलायला लागलंय."

पाणी हलायला लागलं म्हणजे राखण्या उठला. टाकीच्या गाळातलं ते धूड त्यांनी मागच्या खेपेला लांबून पाहिलं होतं. त्याच्याशी लढून कोणी वाचणार नव्हतं. मशाल विझण्याआधी जिना गाठायचा, एवढंच हातात होतं. कस्तुरी आधीच घायाळ होती. तिच्यात फक्त तीन गुण जीव उरला होता.

"काका, चौकात आलो," जॉयल म्हणाला. "डावीकडे की उजवीकडे?"

प्रल्हादरावांनी कागदावर बोट ठेवलं. "डावीकडे. तीस फूट, मग जिना."

फर्डिनंडने मशालीच्या रकान्यात पहिली रेघ मारली. "डावीकडे. तीस फूट. समोर भिंत."

"भिंत?"

"दगडी. सलग."

तिघंही कागदावर वाकले. बाहेर कुठल्याशा रिसॉर्टमध्ये गाणी लागली होती, त्याचा ठोका पडवीच्या लाद्यांपर्यंत येत होता. प्रल्हादरावांना काय झालं ते कळेना. मग हात घामाने चिकटला म्हणून त्यांनी कागद उचलला आणि तो खिडकीच्या उजेडासमोर आला. मागच्या बाजूने नकाशा दिसला. उलटा. आणि त्या उलट्या नकाशात सगळं मागच्या रविवारी ऐकलं तसं, बरोबर होतं. जिना उजवीकडे, बंद बोळ डावीकडे. ट्रेसिंग पारदर्शक असतं, कोणत्या बाजूने ठेवलं ते अक्षरांवरून कळतं, आणि अक्षरं तर त्यांनी शेवटी लिहिली होती. खालचा मजला त्यांनी पालथा उतरवला होता. ऑफिसात पहिल्याच वर्षी हेड ड्राफ्ट्समनने ज्याबद्दल ताकीद दिली होती, तीच चूक. पस्तीस वर्षांत एकदाही झाली नव्हती.

"सरकती भिंत असेल," विनया म्हणाली. "मास्टर असं करतात. हो ना, काका?"

आता बोललं तर हे सगळे काय म्हणतील, या एका विचाराने प्रल्हादराव नुसते कागद सरळ करत राहिले. भिंत सरकती असूही शकेल, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं.

"शोधूया," विनया म्हणाली. "कस्तुरी भिंत चाचपते."

फर्डिनंडने प्रल्हादरावांकडे पाहिलं नाही. दुसरी रेघ मारली. "काही सापडत नाही. मागे चौकाच्या दिशेने ओली पावलं वाजतायत."

"परत शोधते."

"नको," प्रल्हादराव म्हणाले. आवाज इतका मोठा आला की स्वतःच दचकले. "भिंत भिंतच आहे. मी नकाशा उलटा काढलाय. हा मजला पालथा पडला. जिना उजवीकडे होता."

जॉयल खुर्चीत मागे रेलला. "काय काका! वाट लावलीत आमची."

"कधी कळलं तुम्हाला?" विनयाने विचारलं.

"आत्ता. म्हणजे... मघाशी. तू चाचपलंस त्याच्या आधी."

ती कस्तुरीच्या कागदावरचा तीनचा आकडा बघत राहिली. तेच प्रल्हादरावांना जास्त लागलं.

ते मागे धावले. तिसरी रेघ. चौकात पोचले तेव्हा टाक्यांकडच्या बोळातून राखण्या येत होता, भिंतीला अंग घासत. उजवीकडे जिन्याआधी एक लोखंडी दार होतं, त्याला कडी नव्हती. कोणीतरी ते धरून उभं राहिलं तरच बाकीच्यांना मशाल घेऊन वर जाता येणार होतं.

"मी धरतो," प्रल्हादराव म्हणाले. "चूक माझी आहे."

"तुमचा वैदू?" जॉयल म्हणाला. "त्याच्या अंगात दार लोटायची ताकद नाही. आणि मशाल त्याच्याच हातात आहे. तो पुढे पाहिजे. मी मागे राहतो."

"तू पार दुसऱ्या टोकाला आहेस, जॉयल. पोचायला फेरी जाईल," विनया म्हणाली. तिने कस्तुरीचा कागद समोर सरळ केला. "दाराशी मी आहे. मी धरते."

फर्डिनंडने वीस बाजूंचा फासा उचलला. तोच जुना, खडू भरलेला. "पंधरा किंवा वर पडलं तर राखण्याचा घाव लागला. दोन घाव घालता येतील त्याला तुम्ही वर पोचेपर्यंत. दोन्ही चुकले तर कस्तुरीसुद्धा सुटली." तो थांबला. "बरोबर?"

"बरोबर."

पहिला फासा टेबलावर गडगडला. नऊ. जॉयलने हवेत मूठ मारली.

दुसऱ्या वेळी फासा फर्डिनंडच्या हातून तिरका सुटला. पाण्याच्या पेल्यावर आपटला, कडेवरून उडाला आणि टप्पे खात प्रल्हादरावांच्या खुर्चीखाली गेला.

नियम सगळ्यांना ठाऊक होता.

"काका," फर्डिनंड म्हणाला, "किती?"

प्रल्हादराव वाकले. खुर्चीच्या पायाला टेकून फासा पडला होता. वर सतरा.

टेबलाखाली अंधूक होतं. विनयाचे पाय दिसत होते, एकावर एक घट्ट आवळलेले. तिला इथलं काही दिसत नव्हतं. जॉयलला तर नाहीच. बोटाचा एक धक्का पुरला असता. धक्काही नको होता, तोंडाने 'सात' म्हटलं की झालं. सहा वर्षं जगलेली पोर वाचली असती, त्यांची चूक पुसली गेली असती, पुढच्या रविवारी त्यांना या पडवीत यायला तोंड राहिलं असतं. ते किती वेळ वाकून होते, त्यांना कळलं नाही. कमरेत कळ आली. मघाशी एक फेरी आपण गप्प राहिलो, हे मनातून जात नव्हतं. ती फेरी गेली नसती तर हा फासा टाकावाच लागला नसता.

"सतरा," ते खुर्चीखालूनच म्हणाले.

वर आले तेव्हा फर्डिनंड त्यांच्याकडेच पाहत होता. त्याच्या खुर्चीतून तो फासा दिसत होता की नाही, हे प्रल्हादरावांना तेव्हाही कळलं नाही आणि विचारायचं राहूनच गेलं.

"कस्तुरी गेली," फर्डिनंड हळू म्हणाला. "दार धरलेलंच आहे. तुम्ही दोघं जिन्यावर आहात. मशाल विझली, पण वरून उजेड येतोय."

रिवाजाप्रमाणे तो टेबलाला धरून उभा राहिला, म्हणून सगळे उभे राहिले. विनयाने कागदाच्या मागे एक ओळ लिहिली, कोणाला न दाखवता घडी घातली आणि डब्यात ठेवली.

"विनया, मी..." प्रल्हादरावांनी सुरुवात केली.

"काका, आत्ता काही बोलू नका. प्लीज."

दर रविवारी ती त्यांना स्कूटरवर मागे बसवून बोळिंजला न्यायची. त्या दिवशी हेल्मेट घालून एकटीच गेली. जॉयलने "सोडू का काका, निर्मळवरून फिरून जाईन" असं विचारलं, पण प्रल्हादराव बसने जातो म्हणाले. त्यांना एकटंच जायचं होतं. नकाशाची गुंडाळी त्यांनी पडवीतल्या कचऱ्याच्या टोपलीत घातली आणि पायात चपला सरकवल्या. पुन्हा यायचं नाही, हे त्यांनी तेवढ्यात ठरवूनही टाकलं होतं.

फर्डिनंड फाटकापर्यंत सोडायला आला. कधी येत नसे. दोन पावलं टाकली की थांबायचा, सुरूच्या झाडांकडे बघत असल्यासारखं करायचा, मग पुढची दोन. हाताला केळ्यांची एक फणी लटकत होती.

"काका, पुढच्या रविवारी ट्रेसिंग आणू नका," तो म्हणाला. "साधा कागद आणा. इथेच बसून काढा, चुकलं तर चुकलं."

प्रल्हादरावांनी मान हलवली.

"विनया येईल. दोन आठवडे रुसेल. आमचा पहिला मास्टर मामा होता, माझं पहिलं पात्र मेलं तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर बोललो नव्हतो."

बसचा हॉर्न वळणावर वाजला. फर्डिनंडने फणी त्यांच्या हातात दिली.

"राजेळी आहेत. दोन दिवस लागतील पिकायला. फ्रीजमध्ये ठेवू नका."

"नाही ठेवत," प्रल्हादराव म्हणाले.