खालची, मधली अन् टॉपची

गाडी विकली की तिची फाईल होते, फाईल कपाटात जाते आणि विषय संपतो. पण गाडी घेताना माणसं जे बोलतात, त्याची फाईल होत नाही. ते आपलं डोक्यातच साठत जातं. जालन्यात इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये मी सेल्सला आहे. आता तर घरच्यांनी नियमच केलाय, शिल्पानं जेवताना एका भाकरीला एकच किस्सा सांगायचा! भाकरी मी दोनच खाते. म्हणून उरलेले इथं सांगून टाकते.

आधी थोडं गाडीबद्दल. गाडी एकच, पण तिचे प्रकार तीन. कंपनीच्या भाषेत बेस, मिडल आणि टॉप. गिऱ्हाइकांच्या भाषेत खालची, मधली अन् टॉपची. बाहेरून तिघी सख्ख्या बहिणी, फरक सगळा आत. काही फरक वस्तूंचा असतो, म्हणजे कॅमेरे, छत, सीट. आणि काही नुसता सॉफ्टवेअरचा असतो, म्हणजे वस्तू तीच, पण चालू करायची की नाही ते कंपनी ठरवते.

हे सगळं गिऱ्हाइकाला एका वाक्यात कसं सांगायचं, असं ट्रेनिंग द्यायला आलेल्या पुण्याच्या साहेबांनी आम्हाला विचारलं. आमचे मॅनेजर मुळे सर घसा साफ करत होते, तेवढ्यात वर्कशॉपचे रफिकभाई मागून बोलले, "साहेब, एकदम सोपं हाये. खालचीवाला गाडी चालवतो. मधलीवाला शेजाऱ्याला गाडी दाखवतो. अन् टॉपवाला शेजाऱ्याला बसवून शिकवतो!"

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

*

हसनाबादहून एक तात्या आले होते. धोतर, डोक्याला उपरणं, सोबत मुलगा आणि सून. मी त्यांना टॉपच्या गाडीत बसवलं आणि कॅमेरा लावला. ह्या कॅमेऱ्याची गंमत अशी की चार बाजूंचे चार कॅमेरे मिळून स्क्रीनवर एकच चित्र करतात. बघणाऱ्याला वाटतं, गाडीचा फोटो आभाळातून काढलाय.

तात्यांनी स्क्रीनकडं बघितलं. मग दार उघडून खाली उतरले आणि मान वर करून शोरूमचं छत बघायला लागले.

"तात्या, काय शोधून राह्यले?" मुलानं विचारलं.

"वर कोण बसलंय शूटिंग काढायला?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वर कोणी नाही, चित्र सॉफ्टवेअर बनवतं. तात्यांनी शांतपणे ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "बराबर हाये. पण म्याडम, वर कोणी नसताना वरून चित्र काढता येतं, तं माझ्या शेतावर या. विहिरीत पाणी न्हाई, तेवढं भरलेलं दाखवा!"

गाडी त्यांनी घेतली. टॉपचीच. डिलिव्हरीला छताकडं बघून हात जोडले आणि मलाच डोळा मारला!

*

बियाण्याच्या दुकानाचे एक शेठ आले. मुळे सर स्वतः उठून त्यांच्यापाशी गेले आणि चुकून खरं बोलले. म्हणाले, "शेठजी, मधल्या मॉडेलला पण टॉपसारखा आपोआप ब्रेक लावणारा सेन्सर बसवलेला आहेच. फक्त सॉफ्टवेअरनं बंद ठेवलाय."

शेठनी चष्मा काढला. "म्हंजे माल माझ्या गाडीत, अन् कुलूप तुमच्याकडं?"

"तसं नाही शेठजी..."

"तसंच हाये! आम्ही कास्तकाराला बियाणं देतो. असं म्हणतो का, की दादा, झाड बराबर उगवंल, पण बोंडं पाह्यजे असतील तर वरचं पाकीट घ्या?"

मुळे सर ब्रोशर चाळायला लागले. चहा आणणाऱ्या मावशी ट्रे धरून ऐकत उभ्या राहिल्या.

रफिकभाई लांबून बोलले, "शेठ, मागल्या साली मी तुमच्याकडून मिरचीचं बी नेल्तं. झाड छातीएवढं झालं, मिरची एक न्हाई लागली. ते कोणतं मॉडेल होतं?"

शेठ असे हसले, असे हसले, की ट्रेमधले कप वाजायला लागले. "खालचं असंल!" म्हणाले. मग टॉपची बुक केली आणि रफिकभाईंना मिरचीच्या बियाचं पाकीट पाठवलं. पाकिटावर पेनानं लिहिलं होतं, 'टॉप'.

*

साळवे गुरुजी म्हणजे गणिताचे रिटायर्ड शिक्षक. त्यांनी खालची गाडी घेतली. खालच्या गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला दोन-तीन कोरी बटणं असतात. टॉपला तिथं खरं बटण येतं, बेसला नुसतं प्लॅस्टिकचं झाकण.

गुरुजींना ते झाकण फार लागलं. "शिल्पा, हे म्हणजे मला रोज सकाळी आठवण करून देणं झालं, की साळवे, तुझ्याकडं काय नाही!"

काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, मागे उभ्या होत्या. त्यांनी कपाळाची लाल टिकली काढली आणि त्या कोऱ्या बटणावर चिकटवली. "झालं. हे बटण आता माझं. मी दाबलं की तुम्ही स्पीड कमी करायची."

गुरुजींना जोरात चालवायची सवय, हे आम्हाला टेस्ट ड्राइव्हलाच कळलं होतं. मी तर हँडल धरून अख्खा मंठा बायपास मनातल्या मनात बुद्धवंदना म्हणत गेले होते!

पहिल्या सर्व्हिसिंगला गुरुजी एकटेच आले. गाडीचा आवाज तपासायला रफिकभाई शेजारी बसले आणि गुरुजी चालवायला. रोड मोकळा, गाडी सुसाट. एका वळणावर रफिकभाईंनी आधाराला हात पुढं केला आणि त्यांचं बोट त्या टिकलीवर पडलं.

गाडी एकदम चाळीसवर आली.

"काय झालं गुरुजी? ब्रेकमध्ये प्रॉब्लेम हाये का?"

गुरुजींनी घाम पुसला. आधी मागच्या सीटवर बघितलं, मग रफिकभाईंकडं. "काही नाही. मला वाटलं, ही बसलीय!"

रफिकभाईंनी जॉब कार्डावर लिहिलं, 'स्पीड कंट्रोल ओके.'

*

एका भाऊंनी खालची गाडी घेतली आणि टॉपचा बिल्ला मागे लावून मागितला. मी नाही म्हटलं. त्यांनी बाहेरून कुठून तरी आणून लावलाच.

मग सुरू झाला त्रास. टॉपला उघडणारं छत असतं ना! भाऊंच्या गाडीला साधा पत्रा. ज्याला त्याला बिल्ला दिसायचा आणि जो तो म्हणायचा, "उघड की छत!" भाऊ म्हणायचे, "धूळ हाये." "ऊन लई हाये." एकदा तर भर मे महिन्यात म्हणाले, "पावसाचं वातावरण वाटून राह्यलं!"

एके दिवशी सकाळी शोरूम उघडायच्या आत भाऊ दारात उभे. डोळे लाल.

"म्याडम, काल सासुरवाडीला गेल्तो. सासूबाई पैठणी नेसून आल्या. म्हणल्या, जावईबापू, छत उघडा, मला उभं राहून फोटो काढायचा. अख्खी गल्ली मोबाइल घेऊन उभी!"

"मग काय केलं?"

"बॅटरी उतरली म्हणलो. तं मेव्हण्यानं घरातून वायर ओढून चार्जिंगला लावली अन् सगळे खुर्च्या टाकून वाट बघत बसले!"

मला हसू आवरेना. भाऊंनी हात जोडले. "म्याडम, एकतर बिल्ला काढा, न्हाई तं छत कापा!"

*

दोन सख्खे भाऊ. एकाच दिवशी, एकाच रंगाच्या दोन गाड्या घेतल्या. थोरल्यानं मधली, धाकट्यानं टॉपची. टॉपला मालक किल्ली घेऊन जवळ आला की आरसे आपोआप उघडतात. मधलीला आरशात मोटारच नाही, हातानं उघडायचे.

दोन्ही कुटुंबं जांब समर्थला दर्शनाला गेली. परत निघताना धाकटा गाडीजवळ आला आणि त्याच्या गाडीनं आरशांचे कान उघडले. थोरला आला, त्याची गाडी ढिम्म. थोरला गमतीत म्हणाला, "माझी गाडी मला ओळखत न्हाई रे!" हसला खरा, पण वाटेत कुणाशी बोलला नाही म्हणे.

चौथ्या दिवशी धाकटा आमच्याकडं हजर. "रफिकभाई, माझ्या गाडीचे आरसे उघडायचे बंद करा. दादाला सांगा, बिघडले."

रफिकभाईंनी सेटिंगमध्ये जाऊन एक टिचकी मारली. झालं.

पुढच्या आठवड्यात थोरला आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "रफिकभाई, धाकट्याच्या गाडीचे आरसे बंद पडलेत. तो भिडस्त हाये, तक्रार करणार न्हाई. तेवढे नीट करून द्या. पण मी आल्तो हे त्याला बोलू नका."

रफिकभाई माझ्याकडं बघतात, मी रफिकभाईंकडं. "म्याडम," ते म्हणाले, "आता हे सॉफ्टवेअर कोणत्या मॉडेलमध्ये येतं?"

*

आता शेवटचा.

अंबडकडच्या शाळेवरच्या एक शिक्षिका, संगीता मॅडम. खालची गाडी घेतली. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आईनं शेजारच्यांची टॉपची गाडी बघितलेली. तिच्यात आतून एक बाई बोलते आणि तोंडी सांगितलेली कामं करते. काच खाली घे म्हटलं की घेते. आईला वाटलं, सगळ्याच गाड्यांत ती बाई असते.

पहिल्याच दिवशी आई शेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, जरा काच खाली घे."

संगीता मॅडमना 'आपल्या गाडीत ते नाही' हे सांगवेना. त्यांनी आपल्या बाजूचं बटण गुपचूप दाबलं. काच खाली गेली.

"अन् ही बोलत का न्हाई?"

"आई, आपली कामसू आहे. बोलत नाही."

तेव्हापासून रोज तेच. बाई, गार कर. बाई, गाणं बारीक कर. बाई, हळू घे. आणि संगीता मॅडमचं बोट तयार. हे त्यांनी मला सर्व्हिसिंगला आल्यावर हळूच सांगितलं. "ताई, आईला बोलू नका हं!"

आम्ही काउंटरवर बोलत होतो, तोवर आई समोरच उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसली. ड्रायव्हरच्या सीटवर रफिकभाई लॅपटॉप लावून बसलेले. आई म्हणाली, "बाई, काच खाली घे."

संगीता मॅडमनी काउंटरवरूनच बोटानं बटण दाबायची खूण केली. रफिकभाईंनी काचेतून ती बघितली आणि मान न वळवता बटण दाबलं. काच खाली गेली. मॅडमनी डोळे मिटून घेतले आणि सही करायला आत गेल्या.

मी आईपाशी गेले. "काय आई, गाडी ऐकते ना बराबर?"

आईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. लेक आत गेल्याची खात्री केली आणि कानात म्हणाली, "बटन पोरगी दाबती, मला पहिल्या दिसापासून म्हाईत हाये. तिला बोलू नको. लहानपणापास्नं पहिल्यांदा माझं ऐकून राह्यली!"