मला गिअर जमत नव्हते

वडिलांची गिअरची जुनी गाडी मी दुसऱ्याच दिवशी शिकलो होतो. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. चाळिशी ओलांडलेली, स्वतःची गाडी ऑटोमॅटिक, तरी घरच्यांच्या हट्टाखातर शिकायला बसलो. पण ही गाडी येते म्हटलं असतं, तर दर शनिवारी, दुसऱ्या गाडीत न बसणाऱ्या वडिलांना नाशिकहून चांदवडच्या शेतावर नेणं माझ्याकडे आलं असतं. म्हणून दर रविवारी मी क्लच झटकन सोडायचो आणि गाडी बंद पाडायचो. असं वर्षभर चाललं. "हळू सोड रे," वडील म्हणायचे. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे मला माहीत होतं. तरी ते एकटेच चांदवडला जात राहिले आणि मी जाऊ दिलं. गेल्या महिन्यात गाडी थेट शेतावरच्या, कांदे साठवायच्या कांदाचाळीत घुसली. चाळीचे दोन खांब मोडले, वडिलांना काही झालं नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "तुझी गाडी नेहमी सावलीतच बंद पडायची."

"मग बोलला का नाहीत, दादा?"

"तुला आली असती, तर मला कुणी चालवू दिली असती का?"

शनिवारी मी स्टिअरिंगवर बसलो, ते शेजारी. स्वतः चालवताना त्यांनी कधी पट्टा लावला नव्हता. तो त्यांनी ओढून लावला, दोनदा हिसका देऊन पाहिला आणि म्हणाले, "चल आता."