बेसचं मागचं बटण
टँकरच्या ओल्या रबरी पाइपाचा वास आला की मला लातूरचा तो मांडव आठवतो. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, वर दुष्काळ, तरी जिल्हा झाल्याच्या आनंदात वाजवायला आमचा नांदेडचा ऑर्केस्ट्रा गेलेला. मी बेस गिटारवाला. माझ्या अँप्लिफायरच्या मागून एक वायर थेट मांडवाच्या मिक्सरला जायची आणि तिथून आवाज भोंग्यांत. त्या वायरीला आवाज किती सोडायचा, त्याचं बटण मागेच होतं. ते मी पार शेवटापर्यंत पिळलं; नव्या जिल्ह्याला कमी कशाला द्यायचं! पहिल्याच गाण्याला भोंगे फाटक्या पत्र्यासारखे खरखरले. आमचे मास्तर दातओठ खात म्हणाले, "पुन्हा असं झालं तर गिटार घेऊन खाली उतरायचं." मी मिक्सरवाल्यावर खेकसलो, वायर बदलली, तरी खरखर तशीच. तेवढ्यात मांडवामागं टँकरवाल्यावर एक बाई कडाडली, "आरं, हळू सोड की! घागरीचं तोंड केवढं, तुझी धार केवढी? समदं पाणी भुईवर चाललंय!" माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी मागचं बटण मिक्सरला झेपेल इतकं खाली आणलं आणि तार छेडली. सूर असा घुमला की पुढच्या रांगेतले म्हातारे मांडीवर ठेका धरू लागले. बाई घागर कमरेवर घेऊन थबकली, "आता लई गोड वाजायलंय की!" लातूर जिल्ह्याला पहिला नीट सूर मीच दिला, हे मी आजही नातवंडांना छाती फुगवून सांगतो; आधीची खरखर तेवढी मिक्सरवाल्याच्या नावावर टाकतो.