कुंपणाआतला कावळा

असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या माणसाला विमानाचं कौतुक नसतं. घाटकोपरला आमच्या डोक्यावरून ती दिवसभर अंधेरीच्या सहार विमानतळाकडे उतरत असतात, इतकी खाली की पोटाखालची चाकं दिसतात. त्यामुळे आमच्या वस्तीला एक सवय जडली आहे. विमान आलं की वाक्य अर्धं सोडायचं आणि ते गेलं की तिथूनच पुढे उचलायचं. माझ्या लग्नाची बोलणी याच घरात झाली. सासूबाई म्हणाल्या, "मुलीला स्वयंपाक..." आणि थांबल्या. विमान जाईपर्यंत माझ्या आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "...आला नाही तरी शिकेल," हे नंतर आलं. मान वर करून विमान मात्र आमच्याकडे कोणी बघत नाही. वर बघतो तो पाहुणा.

अशी मी, पण स्वतः विमानात बसले ती साठी उलटल्यावर. माझी मुलगी सुप्रिया आणि जावई नोकरीसाठी जपानच्या ओकिनावा बेटावर राहतात. "आई, एप्रिलमध्ये ये, हवा झकास असते," असं ती दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होती. वरून आपलं घर बघायचं म्हणून मी मुद्दाम खिडकीची जागा मागून घेतली. विमान उडालं ते नेमकं उलट्या दिशेला, सरळ समुद्रावर. माझं तोंड पडलेलं बघून शेजारचे गृहस्थ म्हणाले, "ताई, परत येताना दिसेल हो." म्हणजे घरून निघाल्या निघाल्या मी परतीची वाट बघू लागले.

ओकिनावाच्या विमानतळावर एका कुत्र्यानं माझी पिशवी हुंगली आणि तो जोरात शिंकला. आत मालवणी मसाला होता. अधिकारी हसला आणि त्यानं मला वाकून नमस्कार केला. मीही वाकले, तो पुन्हा वाकला, मी पुन्हा वाकले. शेवटी सुप्रियानं मला ओढून बाहेर काढलं.

बेट देखणं आहे. समुद्राचा रंग आमच्या वर्सोव्याच्या समुद्राला स्वप्नातही यायचा नाही. घरांच्या छपरांवर राखणीला मातीचे सिंह बसवलेले. पहिल्याच जेवणात सुप्रियानं तिथला खास पदार्थ पुढे ठेवला, गोया (कारलं). एवढा समुद्र ओलांडून आले ती कारलं खायला! पण चव चांगली होती, हे मान्य करायला हवं.

दुसऱ्या दिवशी फिरायला निघालो आणि जिकडे जावं तिकडे तारेची उंच जाळी आडवी आली. जाळीबाहेर आमच्या घाटकोपरसारखी घराला घर चिकटलेली आणि आत ही भलीमोठी हिरवळ.

"कुणा शेठचा बंगला आहे का गं?"

"आई, अमेरिकेचा लष्करी तळ आहे तो."

"पण जपान त्यांचा दोस्त ना आता?"

"दोस्त आहे, म्हणून तर राहिलेत," सुप्रिया म्हणाली.

सुप्रियाच्या घरमालकीण हिगाआजी तळमजल्यावर राहतात. ऐंशीच्या पुढच्या, बुटक्या, गुडघे गेलेल्या, पण जीभ शाबूत. त्यांनी मला चहाला बोलावलं. सुप्रिया दुभाषी. आजी काही सांगत होत्या आणि डोक्यावरून लढाऊ विमान गेलं. आमच्या घरावरून जातात ती विमानं बिचारी गरीब म्हणायची, असला कानठळ्या बसवणारा आवाज. आजी मध्येच थांबल्या. मीही कप हातात धरून थांबले. ते गेल्यावर आजींनी वाक्य पुढे उचललं, मग पुन्हा थांबल्या आणि माझ्याकडे निरखून बघायला लागल्या.

"तुम्ही वर बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोणत्या तळाजवळ राहता?"

"अंधेरीच्या," मी म्हटलं.

तेव्हापासून आमचं जमलं. आजींनी सांगितलं, दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांचे वडील अमेरिकनांच्या छावणीतून घरी परतले, तर शेताभोवती कुंपण पडलेलं. सरकार जमिनीचं भाडं पाठवतं, पण भाड्याला रताळी लागत नाहीत. मी म्हटलं, आमच्यात म्हण आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पयी (वाटसरू), तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. सुप्रियाला ती दोनदा समजावून सांगावी लागली. आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी ती गल्लीभर केली.

मग हसू ओसरलं. "तळावरची पोरं एकेकटी वाईट नसतात," आजी म्हणाल्या. "काही फार वाईट निघाली, ते इथल्या आया विसरणार नाहीत. पण मला राग येतो तो जाळीचा. माझे आजोबा आत आहेत."

आजोबा म्हणजे आजोबांचं थडगं. ते त्या शेताच्या कडेला, कुंपणाच्या आत आहे. वर्षातून एकदा शिमीला (पूर्वजांच्या थडग्याशी जमून जेवायचा सण) परवानगी काढून घरच्यांना आत सोडतात. आजींचा मुलगा तोशियो शहरात राहतो. त्याला हे थडगं आपल्या घराजवळच्या नव्या स्मशानभूमीत हलवायचं होतं. दर वर्षी फाटकावर विनवण्या कशाला, आईला ओढत न्यायचं कशाला, असं त्याचं म्हणणं. तसं बघितलं तर पोरगा चुकत नव्हता.

"आजोबा आत आहेत म्हणून फाटक उघडतं," आजी म्हणाल्या. "ते बाहेर आले की त्या जमिनीवर आमचं कोणी उरलं नाही." त्या वर्षीच्या शिमीला तोशियो शेवटचं विचारणार होता. आजी मला म्हणाल्या, तुम्हीही चला. मला वाटतं त्यांना बाजूनं बोलणारं कोणी तरी हवं होतं.

परवानगीत सुप्रियाचं आणि माझंही नाव घालून, डब्यांवर डबे घेऊन आम्ही फाटकातून आत शिरलो. बरोबर एक लालबुंद, दाराएवढा उंच अमेरिकन हवालदार दिला होता. त्यानं आजींची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. सारखा मला "मॅम, मॅम" करत होता. इतका सभ्य माणूस बघून माझी पंचाईत झाली, कारण मी घरून चांगली चिडून आले होते.

थडगं कासवाच्या पाठीसारखं, गवतात बसलेलं. तोशियोनं गवत काढलं. आजींनी आधी बाजूला जागेच्या देवाला नैवेद्य ठेवला. मला भरूनच आलं, आमच्या कोकणात राखणदाराला देतात तसाच! मग थडग्यापुढे डबे उघडले. डुकराचं मटण, टोफू, मोची (तांदळाचा चिकट लाडू). हात जोडून झाले आणि तोशियोनं लगेच चॉपस्टिक उचलल्या.

"अगं, थांबव त्याला! कावळा कुठे शिवलाय अजून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, प्लीज हं," सुप्रिया दातओठ खात म्हणाली. पण आजींना सगळं समजून घ्यायचं होतं. मग सांगावंच लागलं. आमच्याकडे आधी कावळ्याला ठेवतात. तो शिवला तर पितर तृप्त. नाही शिवला तर त्यांची काही इच्छा राहिली आहे, ती पुरी करायचं वचन द्यायचं. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा असाच अडून बसला होता. तळलेला बांगडा ठेवला, तेव्हा कुठे आला.

आजींनी एक मोची कागदी बशीत घालून थडग्यापुढे ठेवली आणि सगळ्यांना मागे सरकवलं. नशिबानं कुंपणावर एक कावळा होता. तिथले कावळे चांगले धष्टपुष्ट. तो मान वाकडी करून बघत बसला, जागचा हलेना.

"काही तरी वचन दे," आजी मुलाला म्हणाल्या.

तोशियो भुकेला होता. दर रविवारी आईला फोन करीन, म्हणाला. कावळा ढिम्म. आवामोरी (तांदळाची दारू) कमी करीन, म्हणाला. कावळ्यानं पंख खाजवले. हवालदारानं हळूच घड्याळ बघितलं. शेवटी तोशियो वैतागला. "बरं. हा कावळा शिवला तर थडगं इथेच राहील. नाही शिवला तर यंदा हलवायचं, आणि आई, मग तू एक शब्द बोलायचा नाहीस." आजींनी मान डोलावली. मी मलाच शिव्या दिल्या. आठ दिवसांची पाहुणी मी, आणि या बाईचे आजोबा एका कावळ्याच्या चोचीत देऊन बसले होते.

तेवढ्यात विमान आलं, अगदी डोक्यावरून. सगळ्यांच्या माना वर गेल्या. तोशियोनं कान दाबले, सुप्रिया तोंड वासून वर बघत राहिली, हवालदार तर अभिमानानं बघत होता.

आम्ही दोघींनी मात्र वर बघितलं नाही. मी समोर बघत होते. समोर आजी वाकल्या, त्यांनी बशीतली मोची उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

विमान गेलं. कुंपणावर कावळा नव्हता आणि बशीत मोची नव्हती. आजी डोळे मिटून, दोन्ही हात तोंडासमोर जोडून प्रार्थना करत होत्या. मोची भयंकर चिकट आणि आजींची कवळी, त्यामुळे प्रार्थना बरीच लांबली. आईची भक्ती बघून तोशियोचे डोळे पाणावले. त्यानं मला विचारलं, "शिवला का?" कावळ्यांच्या बाबतीत तिथे मीच तज्ज्ञ होते.

"शिवला," मी म्हटलं. "मी डोळ्यांनी बघितलं."

फाटकाबाहेर येईपर्यंत आजी माझा हात घट्ट धरून चालल्या.

परतताना पुन्हा खिडकी मागितली. उतरता उतरता असल्फ्याची टेकडी आली, निळ्या ताडपत्र्या आल्या आणि आमची पाण्याची टाकीही दिसली. कोणीही वर बघत नव्हतं. मला बरं वाटलं. आमच्या विमानातून माणसं उतरतात आणि आपापल्या घरी जातात. आवाज तर दोन्हीकडे आहेच, पण घरी जाणाऱ्यांचा आवाज सोसता येतो.

यंदा शिमी झाल्यावर सुप्रियाचा फोन आला. तोशियो स्वतः डबे घेऊन आला होता म्हणे, आणि बशी त्यानंच मांडली. "आणि आई, आजींनी तुला मुद्दाम निरोप दिलाय. म्हणाल्या, आईला सांग, यंदा खरंच शिवला." मग तिनंच विचारलं, "खरंच म्हणजे काय गं? मागच्या वर्षी..."

विमान आलं. मी थांबले. ते गेल्यावर तिला विचारलं, तिकडे कारली आली का बाजारात?