मोज्याची मगर

"तो मोजा माझा आहे."

"होता. आता ती मगर आहे," मी बटणाचा डोळा शिवत म्हटलं.

"माझा एकच धड जोड होता. उरलेला घालून काय लंगडी खेळू?" नवरा तणतणला.

लेक म्हणाली, "बाबा, आईच्या कलेच्या आड येऊ नका. महागात पडतं."

दर शनिवारी सकाळी मी वाचनालयात लहान मुलांना गोष्टी सांगते. सहा वर्षं झाली. मुलं माझ्या शब्दाशब्दाला डोलतात, असं मी भेटेल त्याला ऐकवते. खरं म्हणजे मुलं चुळबुळतात आणि त्यांच्या आया मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात.

त्या शनिवारीही मी मगरीच्या नाजूक आवाजात नदीचं वर्णन करत होते आणि समोरची चिमुरडी सतरंजीचे धागे उपटत होती. तेवढ्यात नवरा एका पायात मोजा घालून दारात उभा राहिला.

"अगं, मला कामावर जायचंय. मोजा दे!"

मी मगर पाठीमागे लपवली.

"काका, मागे आहे, मागे!" मुलं ओरडली.

तो धावला, मी खुर्च्यांमधून पळाले, मगरीचा डोळा तुटून घरंगळला. मुलं हसून गडबडा लोळली. आयांनी चक्क मोबाइल खाली ठेवले. निघताना चिमुरडीने विचारलं, "मोजेवाले काका परत येतील ना? तू नाही आलीस तरी चालेल."

घरी आल्यावर मी डोळा पुन्हा शिवला आणि दोघांना सांगून टाकलं, "पुढच्या शनिवारपासून मगर बाबांची. मी खुर्च्या लावणार."