विमलाबाईंची राणी माझ्या हातून गेली

विमलाबाईंची कुत्री माझ्या हातून मेली. आमची ओळख तिथून सुरू झाली.

मी जनावरांची डॉक्टर. आठवडाभर प्रताप नगरातल्या एका क्लिनिकमध्ये नोकरी करते. रविवारी आम्ही चौघं मिळून वस्त्यांमध्ये मोफत नसबंदीचं शिबिर घेतो. कुत्री, मांजरं, जे येईल ते.

काटोल रोडकडच्या त्या वस्तीत आमचं पहिलंच शिबिर होतं. समाजभवनात टेबलं लावून सकाळभर बसलो. कुणी फिरकलं नाही.

"फुकट करून राहिले म्हणजे काहीतरी गडबड असन," दारात उभ्या बायका एकमेकींना सांगत होत्या. आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं.

मग एक पन्नाशीची बाई आपल्या कुत्रीला उचलून घेऊन आली.

"दोन खेपा व्याली म्याडम. एकही पिल्लू नाही जगलं. सारे गाडीखाली गेले. आता नको."

या विमलाबाई. कुत्री राणी.

ऑपरेशन संपत आलं होतं. शेवटचे टाके घालताना राणीचा श्वास थांबला. आम्ही सगळं करून पाहिलं. आली नाही परत.

बाहेर पायरीवर विमलाबाई बसल्या होत्या. माझ्यासाठी घरून चहा आणला होता, स्टीलच्या ग्लासात, वर बशी झाकून.

"विमलाबाई, राणी गेली."

त्या पायरीवरून उठल्या.

"दुखलं का तिले?"

"नाही. भुलीतच होती."

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला, आत गेल्या, राणीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि घेऊन गेल्या.

टीममधले म्हणाले, काही महिने या वस्तीत नको जायला. बरोबरच होतं त्यांचं.

पुढच्या रविवारी मी एकटीच विमलाबाईंच्या घरी गेले. स्कूटरवर सगळी वाक्यं पाठ करत गेले. तिचं हृदय कमजोर असेल, शिबिरात रक्त तपासता येत नाही, क्वचित असं होतं, वगैरे.

त्यांनी सरळ विचारलं, "काहून मेली?"

पाठ केलेली वाक्यं मी तशीच सोडली.

"मला माहीत नाही. माझी चूकही असू शकते."

त्यांनी ताट वाढलं. मी खाली मान घालून जेवले. माझं झाल्यावर त्यांनी चपला घातल्या.

"चला."

दारोदार घेऊन फिरल्या मला. प्रत्येक दारात तेच सांगत होत्या.

"माही राणी या म्याडमच्याच हातानं गेली. पण खोटं नाही बोलल्या. आज राणी असती, तं पुन्हा यांच्याच हाती देली असती."

पुढच्या शिबिरात समाजभवनात पाय ठेवायला जागा नव्हती.

पहिल्या कुत्रीला भूल देण्याआधी मी औषधाचं माप तीनदा तपासलं. विमलाबाई आत आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. कुत्री शुद्धीवर येईपर्यंत हलल्या नाहीत.

त्याच दिवशी एका पांढऱ्या कुत्रीला न्यायला कुणी आलं नाही. तिला विमलाबाईंनी घरी नेलं. नाव ठेवलं कमळी.

मग फोन यायला लागले.

"म्याडम, कमळी खाऊन नाही राहिली."

ड्युटी संपवून मी जायची. कमळी माझ्या हातून बिस्किटाचा अख्खा पुडा फस्त करायची. आत दोन ताटं मांडलेली असायची.

"पाहा, तुमाले पाहून खाते ते."

तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. मी हात धुऊन ताटावर बसले.

विमलाबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला. चार घरची धुणीभांडी उरकून आलं की त्यांना बोलायला कमळीच.

आणि माझ्या खोलीवर तरी कोण होतं? मी जात राहिले. 'म्याडम'ची 'पोरी' कधी झाली, कळलंच नाही.

मागच्या महिन्यापासून आमची शिबिरं कळमेश्वरकडे सुरू झाली. क्लिनिकमध्येही रोज उशीर होत होता. तेव्हा त्यांचा फोन आला.

"पोरी, कमळी खाऊन नाही राहिली वं."

मी हसले. "दोन दिवस बघा विमलाबाई. नाही खाल्लं तर येते."

"बरं," म्हणाल्या.

पुन्हा त्यांनी फोन केला नाही. मीही नाही.

काल केला. एका मुलीनं उचलला.

"आई मंगळवारी गेली. झोपेतच. तुम्ही कोण?"

"कुत्र्यांची डॉक्टर."

"हो, तसंच सेव्ह आहे. तुम्ही ओळखत होता का आईला?"

हो म्हणाले. उद्या येते, एवढंच सांगितलं.

आज जाऊन आले. मुलगी भांडी पोत्यात भरत होती. कमळी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर. सवयीनं तिला तपासलं. तब्येत उत्तम.

"मागं खरंच जेवत नव्हती का ही?" मी काकूंना विचारलं.

"कमळी? ते कवा उपाशी राहिली?" मग म्हणाल्या, "तुमाले फोन केला त्या दिवशी विमलाबाईनं झुणका-भाकर करून ठेवली होती. म्हणे, पोरगी येते. दुसऱ्या दिवशीही केली."

"मग?"

"मग मले आणून देली."

घरी येऊन दोन तास झाले. हे लिहिण्यापलीकडे काही सुचत नाही, आणि सांगायला दुसरं कुणी नाही.

विमलाबाई, मी यायला हवं होतं.

कमळी काकूंकडे राहील. मी तिला बघायला जात जाईन.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.