दहिवर सुकेपर्यंतची मजुरी

हसीनाबी गेल्याचं मला त्यांच्या घरून कळलं नाही. कळलं ते फोनवरच्या एका गटातून. कापूस घेणाऱ्या काही कंपन्या, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्था आणि माझ्यासारखे मसुदे लिहिणारे लोक, असा तो गट. पुण्यात सकाळी चहा पिता पिता फोन उघडला, तर त्यांचा फोटो. डोक्यावर पांढरी सुती टोपी, दोन्ही हातांत कापूस, आणि खाली मजकूर : 'आमच्या मूल्यसाखळीतील एक मोलाची भागीदार आज आपल्यातून गेली.' त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. मीही हात जोडून दिले. चहा संपवला... आणि कप विसळताना एकदम संताप आला. भागीदार? कशातली?

त्यांच्या मरणाचा ठपका मी कोणावर ठेवत नाही. छातीत कळ आली, गावातून जळगाव जामोदला नेईपर्यंत सारं आटोपलं होतं. असं कोणाचंही होतं. माझा राग आहे तो नंतर लिहिलेल्या त्या ओळीवर, आणि अशी ओळ लिहिण्याची सोय ज्या कागदानं करून दिली त्या कागदावर. तो कागद माझ्या हातचा आहे. हे मी परवापरवापर्यंत कोणाजवळ बोललो नाही, घरीसुद्धा नाही. बोलायची वेळ आली की मी गप्प बसतो आणि मग त्याला संयम म्हणतो, असा माझा स्वभाव. आता या वयात तरी सरळ सांगून टाकावं म्हणून लिहितो आहे.

मी मूळचा मेहकर तालुक्यातल्या जानेफळचा. शिक्षणासाठी पुण्याला आलो तो इथलाच झालो, बोलणंही इथलं झालं. ज्या संस्थेत नोकरी करतो तिच्या कामासाठी आमच्याच जिल्ह्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या हसीनाबींच्या गावी पहिल्यांदा गेलो, तेव्हा वेचणीवाल्या बायांची टोळी बांधावर भाकरी खात होती. हसीनाबी त्या टोळीच्या म्होरक्या. मी विचारलं, "आपण हे काम किती वर्षांपासून करता?" त्यांनी शेजारच्या गोदाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गाव कोनतं तुह्यं?" मी सांगितलं. "जानेफळचा? मंग माह्याशी रेडिओवानी काऊन बोलून राह्यला, भाऊ? बस खाली. भाकर खाय." मी बसलो. तेव्हापासून त्या माझ्या आपा झाल्या, आणि मी त्यांचा 'पुन्याचा भाऊ'. टोळीत हिंदू-मुसलमान दोन्हीकडच्या बाया होत्या, आणि कोण कोणाच्या डब्यातलं लोणचं पळवतं यावरून रोज भांडण असे.

बीटी बियाणं आलं तशी आमच्या जिल्ह्यातली शेतंच्या शेतं कपाशीखाली गेली. बायांना काम भरपूर मिळालं. पुढं ज्या अळीचा बंदोबस्त झाला असं सांगितलं होतं, तीच गुलाबी अळी बोंडात परतली. बोंड उघडावं तर निम्मा कापूस डागी, घट्ट, ओढला तरी न निघणारा. त्याला आपल्याकडे कवडी म्हणतात. ही कवडी वेगळी वेचायची, चांगला कापूस वेगळा. वेळ दुप्पट लागतो आणि ओटीत वजन भरत नाही. वेचणीची मजुरी तर किलोवर. नेमक्या याच काळात कंपन्यांना स्वच्छ, कोरडा कापूस हवासा झाला.

कोरडा म्हणजे दहिवर सुकल्यावर वेचलेला. हिवाळ्यात तिकडे दव चांगलं पडतं, त्याला दहिवर म्हणतात. पूर्वी बाया उजाडता उजाडता वेचायला लागायच्या. ओलसर कापूस वजनाला जरा जास्त भरायचा, आणि ऊन चढायच्या आत बरंचसं काम उरकायचं. पण ओला वेचलेला कापूस पिवळा पडतो, हेही खरं. कंपन्यांनी नियम केला : बोंडं वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. केस जाऊ नयेत म्हणून टोप्या दिल्या, रंगीत धागा जाऊ नये म्हणून सुती पिशव्या दिल्या. यात वाईट काहीच नव्हतं. मात्र बायांना शेतात आणणाऱ्या गाडीला पुढची फेरी असायची. ती त्यांना भल्या सकाळी बांधावर उतरवून निघून जायची. मग ऊन तापेपर्यंत या बसून. हातपाय गारठलेले, घरी मुलांचं आवरायचं राहिलेलं, आणि मजुरी काहीच नाही, कारण अजून काही वेचलेलंच नाही.

त्याच सुमारास आमच्या संस्थेकडे एक काम आलं. गरीब कष्टकऱ्यांना सोबत घेऊन धंदा करतो, असं सांगणाऱ्या कंपन्या पुष्कळ झाल्या होत्या आणि प्रत्येकीची मोजपट्टी वेगळी. कोणी टोप्या वाटल्या की झालं सामावून घेणं, कोणी वर्षातून एकदा डोळे तपासले की झालं. तेव्हा सगळ्यांनी बसून, सगळ्यांना लागू होतील असे सामायिक निकष ठरवावेत, म्हणजे फसवणुकीला जागा राहणार नाही. कल्पना चांगली होती. अजूनही मला ती चांगलीच वाटते. मसुदा लिहिण्याचं आणि बैठका जुळवण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि नागपूरच्या शेवटच्या बैठकीला मी आग्रहानं हसीनाबींना बोलावलं.

थंडगार हॉल, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. आपा शालीत गुंडाळून बसल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा उभ्या राहिल्या. "तुमाले कोरडा कापूस पायजे, भेटन. आम्ही थांबतो. पन थांबा म्हनून कोन सांगून राह्यलं? तुम्ही. मंग थांबल्याची मजुरी तुम्हीच द्या. शेतकऱ्यावर नोका टाकू, त्याची बोंडं अळीनं खाल्ली, तो कुठून देईन?"

एक अधिकारी अगदी सौजन्यानं म्हणाले, "ताई, आम्ही कापूस शेतकऱ्याकडून घेतो. तुम्ही त्यांच्याकडे कामाला. तुमचा-आमचा थेट संबंध येत नाही."

"संबंध नाई?" आपा म्हणाल्या. "तं माह्या डोक्यावर टोपी काऊन घातली? लग्न झाल्यापासून नवऱ्याचं कधी आयकलं नाई म्या, तुमचं आयकून टोपी घातली."

हॉल हसला. अधिकारीही हसले. मी भराभर वाक्य लिहून काढलं : गुणवत्तेसाठी कामगारांना थांबवलं जात असेल, तर थांबलेल्या वेळेची मजुरी अंतिम खरेदीदारानं द्यावी. मोठ्यानं वाचून दाखवलं. आपांनी मान हलवली. त्यांना नांदुऱ्याची गाडी पकडायची होती आणि जेवणाची सुट्टी लांबली होती. दाराशी येऊन त्यांनी विचारलं, "भाऊ, जाऊ का थांबू?"

"निघा तुम्ही, आपा. मी आहे ना."

चहानंतर त्या वाक्यावर गाडी अडली. दोन कंपन्या नाही म्हणाल्या, बाकीच्या गप्प. मला कोणी दटावलं नाही, आमिष दाखवलं नाही. तसं झालं असतं तर सांगायला तरी बरं होतं. मला फक्त बैठक मोडायला नको होती. आमच्या धंद्यात एकमत म्हणजे परीक्षेतला पहिला नंबर. अहवालात 'सर्वानुमते' लिहिता आलं की आम्ही जिंकलो. मीच हात वर केला आणि म्हणालो, "आपण हे बंधनकारक बाबींमधून काढून शेवटच्या पानावरच्या अपेक्षित बाबींमध्ये घेऊ या का?" सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. कोणीतरी माझी पाठ थोपटली. पाच मिनिटांत सर्वानुमते. थांबलेल्या बायांना शेवटच्या पानावर नेऊन बसवणारा माणूस त्यांच्याच जिल्ह्यातला होता.

मी आपांना फोन केला. "आलं आपा, कागदात आलं." शब्दशः खोटं नव्हतं. पलीकडून त्यांचा आवाज फुटला, "गोदे, अवं गोदे, आयक, आलं म्हंते!" मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिला आणि मला न ओळखणाऱ्या बाया मला दुवा देत राहिल्या.

पुढच्या हंगामात त्यांनी कंपनीच्या माणसाकडे थांबल्याची मजुरी मागितली. त्यानं शेवटचं पान दाखवलं. काही महिन्यांनी मी त्यांच्या गावी गेलो तेव्हा आपांनी चहा केला, समोर बसल्या. ती आमची शेवटची भेट.

"भाऊ, अपेक्षित म्हंजे काय असते?"

मी समजावलं. केलं तर चांगलं, नाही केलं तर कोणी विचारणार नाही, असं. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे जेवाले या म्हनून घरोघर सांगत हिंडायचं, अन् सोताच्या घराले कुलूप लावून जायचं." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "कोनं केलं हे?"

"कंपनीवाले तयार नव्हते, आपा."

"ते कशाले तयार होतीन. पन तू होता ना तेथी?"

"होतो."

"मंग भांडला असशीन तू."

मी बशीकडे पाहत राहिलो... त्यांनी माझं गप्प बसणं हो समजून घेतलं आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

तो चहा मी प्यायलो. हे लिहायला मला त्यांच्या मरणाची वाट पाहावी लागली, याची लाज वाटते. आणि लाजेपेक्षा राग जास्त येतो. त्या निकषांवर कंपन्यांना शिक्के मिळाले. गरिबांना सामावून घेणारा उद्योग, असं शर्टाच्या चिठ्ठीवर छापता आलं. शहरात कोणी तो शर्ट चार पैसे जास्त देऊन घेतो, त्याला वाटतं आपण काही चांगलं केलं. ते जास्तीचे पैसे वाटेत सगळ्यांना पुरतात, फक्त बांधावर पोचत नाहीत. संबंध येत नाही म्हणणाऱ्यांना त्या मेल्यावर भागीदार म्हणायला जीभ कशी रेटते? नफ्यात नाही, निर्णयात नाही, बैठक संपेपर्यंत खुर्चीसुद्धा नाही, आणि श्रद्धांजलीत भागीदार! ज्याच्या वेळेला किंमत द्यायची नाही त्याला सामावून घेतलं म्हणणं हा सरळसरळ खोटेपणा आहे. गोड भाषेत मी तो लिहिला, आणि लिहिण्याचा पगार घेतला.

आता त्या निकषांची फेरतपासणी चालली आहे. ते वाक्य बंधनकारक बाबींमध्ये यावं आणि वेचणाऱ्या बाया शेवटच्या निर्णयापर्यंत खोलीत असाव्यात, असं मी लेखी कळवलं आहे. नाही तर मसुद्यावर माझं नाव नको. उत्तर आलं : विचार केला जाईल. ही भाषा मला चांगली कळते, ती माझीच आहे.

परवा आपांच्या घरी जाऊन आलो. टोळी आता सून चालवते, शबाना. ती म्हणाली, घरी बोलायला सवड नाही, शेतात चला. सकाळच्या गाडीनं त्यांच्यासोबत गेलो. गाडीनं आम्हाला उतरवलं आणि धूळ उडवत गेली. कपाशी पांढरी दिसत होती, पानं ओलीगच्च. बाया बांधावर पदर, ओढण्या आवळून बसल्या. तिथं मी सगळं सांगितलं. नागपूरला काय झालं, हात कोणी वर केला, आपांपासून काय लपवलं. गोदाबाई म्हणाल्या, "तं म्हंजे आपा मरेपर्यंत कंपनीवाल्याले शिव्या देत राह्यल्या, अन् त्यातल्या निम्म्या तुह्या व्हत्या!"

दोघी-तिघी हसल्या. शबाना हसली नाही. तिनं विचारलं, "दादा, तुम्ही आज कामावर आले का सुट्टीवर?"

"कामावर."

"म्हंजे आता, येथी बसले, तरी पगार चालू हाये तुमचा?"

"हो... चालू आहे."

तिनं मान हलवली, जणू काही एवढंच नक्की करून घ्यायचं होतं. मग उठून जवळच्या झाडावरचं एक बोंड वेचलं, कापूस गालाला लावून क्षणभर डोळे मिटले. बोंड वाळलं का ते पाहायची ही आपांची रीत. टोळीतल्या साऱ्या जणी तिच्याकडेच पाहत होत्या, जशा पूर्वी त्यांच्याकडे पाहायच्या.

"वल्लं हाये अजून," शबाना म्हणाली, आणि येऊन पुन्हा आमच्यात बसली.